फाटलेला मांडा

सिनेमाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की कोणीतरी शोधायला बसेल, हल्ली सगळंच कुठे ना कुठे सापडतं, आणि मग तो शॉट बघून पुन्हा हसेल. एवढं सांगते की गोष्ट प्रेमाची होती, विनोदी होती आणि शेवटाकडे थोडी रडारड होती. मुलगा धुळ्याकडचा, मुलगी भुसावळकडची. त्याची बोली तिच्या आईला कळत नाही, तिची बोली याच्या मावशीला कळत नाही, आणि भरितात काय घालायचं नि काय नाही यावरून जुळलेली सोयरीक मोडायला येते. लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आमच्याच गल्लीत, अर्धा तर आमच्याच घरात तो काढला. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता. हे सांगताना आजही माझी मान आधी ताठ होते आणि मग खाली जाते. ती खाली का जाते, ते परवापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत आबा आणि त्यांची आरामखुर्ची, मधलीत आईचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे परसात चूल. परसाचं फाटक मागच्या गल्लीत उघडायचं. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की आबा कपडे करायचे, कारण ते तिथेच कारकून होते, आणि भोंग्यानंतर पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडायला लागायचा. घरात सदा ठेच्याचा खकाणा. शेवभाजीला फोडणी पडली की शेजारच्या घरात शिंका यायच्या आणि शेजारची काकू भिंतीपलीकडून, आज काय पाहुणे का, म्हणून विचारायची. मी आगाऊ होते, धाकटी होते, आणि घरात माझे लाड होते. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचे लाड आधीच होऊन गेले असावेत, कारण मला आठवते ती कामातच.

अक्काला सोनगीरच्या पुढे, हायवेलगतच्या गावात दिलं होतं. एका आखाजीला ती माहेरी आली. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा आमच्याकडे लेकीबाळींचा सण, निंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस खाऊन दुपारभर लोळायचं. आठ-पंधरा दिवस असे गेले की सासरहून न्यायला माणूस येतो. त्याला मूळ येणं म्हणतात. आमच्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून बाया म्हणतात मूय. अक्काच्या बरोबरीच्या सगळ्यांना मूळ आलं, त्या गेल्या. अक्काला आलं नाही. पुढची आखाजी आली तेव्हा ती माहेरी यायची नव्हतीच, ती इथेच होती.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. चुलत बहिणीच्या लग्नात आबांनी टॉवेल-टोपी देताना आधी दुसऱ्या जावयाला दिली, अक्काच्या नवऱ्याला, भाऊजींना नंतर. एवढंच. भाऊजी म्हणाले, सासऱ्यांनी स्वतः बोलावल्याशिवाय त्यांचा उंबरठा चढणार नाही. आबा म्हणाले, मुलीचा बाप असलो म्हणून काय झालं, मूळ घेऊन यायचं काम त्यांचं. दोघेही आपापल्या जागी अडून बसले आणि मधल्यामध्ये अक्का आमच्या परसातल्या चुलीपुढे बसली. पाण्याला, दळणाला, देवळात, जाईल तिथे बाया विचारायच्या, "मूय उनं का व?" अक्का म्हणायची, येईल. दोन वर्षं ती येईलच म्हणत होती.

भाऊजींची फटफटी मोठी हट्टी. दोनदा खोकायची आणि मग एकदम घरघर सुरू व्हायची. मागच्या गल्लीतून तसला आवाज आला की अक्काचा हात थांबायचा. भाकरी थापत असेल तर थापताना, धुणं पिळत असेल तर पिळताना. क्षणभरच, मग आवाज पुढे निघून गेला की हात पुन्हा चालू. आबांना ते कधी दिसलं नाही, आईला दिसत असेल तर ती बोलली नाही. मला मात्र बरोबर दिसायचं. मला सगळंच दिसायचं, तेवढा एक गुण माझ्यात होता, आणि त्या गुणानेच घात केला.

नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांचा मंडपाचा आणि व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. हळदीच्या वेळी बायकांच्या खोलीत पुरुष माणूस कॅमेरा घेऊन शिरला की बाया तोंडं फिरवायच्या, म्हणून नानांनी मला शिकवलं. धुळ्यात तेव्हा कॅमेरा उचलणारी दुसरी मुलगी नव्हती, निदान मला माहीत नव्हती, आणि मी ते चारचौघांत सांगत फिरायचे. खांद्यावर वळ उठायचा तो आईला कौतुकाने दाखवायचे. नानांचं शास्त्र एका ओळीचं होतं: लांबून घेतलं तर माणसाला हसू येतं, जवळून घेतलं तर रडू येतं. सिनेमा काढायचा किडा त्यांच्या डोक्यात शिरला तेव्हा सगळा सिनेमा त्यांनी याच शास्त्रावर काढायचं ठरवलं. हिरोला नोकरी नाही, तर त्याला गच्चीवरून घ्यायचं, म्हणजे गल्लीत तो एवढासा दिसतो. हिरोईनला घरच्यांनी कोंडलं, तर तिला दोरीवरच्या ओल्या लुगड्यांतून घ्यायचं.

इथे जरा आजचं सांगते. मी आता जळगावला मेहरूणमध्ये राहते. मागच्या थंडीत तिथल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका घरी आल्या. तरुण, हुशार बाई. त्यांना आमच्या सिनेमाची कॅसेट कोणाच्या तरी माळ्यावर सापडली होती. हलक्याफुलक्या प्रेमकथेत कॅमेरा माणसाच्या मनातली ओढाताण कशी दाखवतो, यावर त्यांनी व्याख्यान ठेवलं आणि मला पाहुणी म्हणून नेलं. पडद्यावर एकेक तुकडा थांबवून त्या सांगत होत्या. नायक नेहमी दाराच्या चौकटीत दिसतो, कारण तो परिस्थितीत अडकला आहे. मी मनात म्हटलं, अहो बाई, खोली एवढीशी होती, स्टँड आत मावत नव्हतं, म्हणून मी दारात उभी राहायचे. चित्र हलतं ती नायिकेची अस्वस्थता, असं त्या म्हणाल्या, तर ते माझं खांदेदुखीचं हलणं होतं. पोरं वहीत लिहून घेत होती. मला गंमत वाटत होती. मग त्यांनी तो शॉट लावला आणि माझी गंमत संपली.

तो शॉट असा झाला. सिनेमात हिरोची एक थोरली बहीण होती, नवरा रुसून बसलेली. त्या कामाला बाई मिळेना. नानांनी अक्काला विचारलं. अक्का नको म्हणाली, पण घरात शूटिंग, सगळ्यांचं जेवण तीच करायची, अगदीच तोडून टाकणं तिला जमेना. ती म्हणाली, लग्नघरात मांडे करतात तेवढं घ्या, पण फक्त हात घ्या, माझं तोंड नको. नाना हो म्हणाले. मग तिने माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "तोंड नको बरं का. नक्की?" मीही नक्की म्हणाले. माझ्यावर तिचा विश्वास होता, नानांवर नव्हता.

आणि त्याच दिवशी जेवताना नाना कुरकुरत होते की सिनेमा मध्येच बसतोय, त्या बहिणीवर एक तरी हशा पाहिजे. मी पटकन बोलून गेले. गेले कसली, मोठ्या ऐटीत सांगितलं: नाना, फटफटीचा आवाज झाला की अक्काचं बघा, हात कसे थांबतात. नानांनी घास तसाच धरला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तुले हे कसं सुचनं व?" त्या एका वाक्याने मी हवेत गेले. मला ते सुचलं नव्हतं, मी ते घरात चोरून पाहिलं होतं. पण शाबासकी मिळत होती, ती मी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परसात चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, तापलेलं. ज्यांनी मांडे करताना पाहिलंय त्यांना सांगायला नको, पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर टाकत टाकत कोपरापर्यंत पसरवायचा, पातळ होत होत त्याचं कापड होतं. अक्काचा मांडा गल्लीत नावाजलेला. मी तिचे हात घेत होते, मनगटं, बांगड्या, वर-खाली होणारा मांड्याचा तो पांढरा पदर. फाटकाबाहेर नाना स्वतःची फटफटी घेऊन उभे. ती त्याच जातीची होती, तीही दोनदा खोकायची. ठरल्याप्रमाणे मी खोकले आणि बाहेर फटफटी खोकली.

अक्काचे हात थांबले. ती उभी राहिली. दोन्ही हातांवर मांडा लोंबतोय, त्यामुळे डोक्यावर पदर घ्यायला हात मोकळा नाही, म्हणून तिने मान वाकडी करून पदर दातांत धरला आणि खांद्याने वर ओढायला गेली. त्या ओढाताणीत मांडा मधोमध फाटला आणि अर्धा चुलीत पडला. मी हातांवरून वर सरकले. कोपरापाशी जराशी थांबले, मग पुढे गेले, दंड, खांदा, दातांतला पदर आणि तोंड. आणि नानांचं शास्त्र आठवून बटण दाबून आणखी जवळ गेले. तिचे डोळे फाटकाकडे. आत लाजही होती, घाईही होती आणि आनंद तर इतका होता की मी तसा तो तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. फाटक उघडून नाना हसत आत आले. अक्काने मला पाहिलं, कॅमेरा पाहिला, आणि खाली बसून चुलीतला मांडा चिमट्याने काढायला लागली. हात घेतलेत फक्त, असं मी तिला सांगितलं.

प्राध्यापिका बाईंनी तो शॉट कोपरापाशी थांबवला. म्हणाल्या, बघा, कॅमेरा इथे क्षणभर अडतो, जणू पुढे जावं की नाही असं त्याला वाटतंय, हा या सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक क्षण. बाकी सगळं त्यांनी मनचं लावलं होतं, पण हे खरं होतं. मी तिथे थांबले होते. दिलेला शब्द मला तिथे आठवला होता, आणि आठवूनही मी वर गेले. विसरून गेले असते तर आज एवढी लाज वाटली नसती. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी मला विचारलं, हे कसं सुचलं? मी म्हणाले, झालं आपोआप. या वयातही खोटंच बोलले.

सिनेमा गल्लीत दाखवला तो आखाजीलाच, संध्याकाळी, झोक्याच्या निंबाखाली मोठा टीव्ही मांडून. सगळी गल्ली लोटली होती. अक्का पुढे बायकांत बसली होती, हातांचं काम बघायला. नानांनी तो शॉट एकदा नाही, तीनदा घातला होता. फटफटी खोकते, बहीण उठते, मांडा फाटतो, आणि फाटकातून कधी दूधवाला येतो, कधी पोस्टमन, शेवटी एक म्हातारा बोकड घेऊन. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा फटफटी ऐकूनच हसले. तिसऱ्यांदा तर बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी टीव्हीच्या बाजूला उभी होते, तिथून लोकांची तोंडं दिसत होती. सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा, अक्काही हसली. घरी आल्यावर अंथरुणं घालताना एवढंच म्हणाली, "सांगितलं असतंस तर पदर तरी नीट घेतला असता." शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, भांडणात मला कोणी हरवत नसे.

त्यानंतर गल्लीत कोणीही फटफटीला लाथ मारली की आधी आमच्या फाटकाकडे बघायचा आणि गालात हसायचा. नानांची हौस तर आणखी वाढली. दुसरा भाग काढू, अक्का, फक्त एकदा मांडा फाडून दाखव, म्हणून ते येता-जाता मागे लागायचे, फाटकाशी फटफटी चालू ठेवून तिची चेष्टा करायचे. अक्काचे हात आता थांबत नव्हते. आवाज आला की ती उलट जोरजोरात काम करायची. मी म्हटलं, बरं झालं, एक खोड मोडली. खरंच असं म्हटलं मी.

एका दुपारी मी दळण घेऊन गिरणीवरून येत होते. मागच्या गल्लीच्या तोंडाशी समोरून फटफटी आली, त्यावर भाऊजी. पांढरा इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हँडलला नवी कापडी पिशवी. मला बघून थांबले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "तुझ्या अक्कानं आतूनच सांगितलं, ‘बंद करा ते, माले नही पाहिजे आते.’" उंबरठा चढणार नाही हा त्यांचा हट्ट होता, म्हणून ते पुढच्या दाराने न येता मागच्या फाटकाशी आले होते, फटफटी चालू ठेवून उभे राहिले होते, आणि अक्काला वाटलं होतं नाना आलेत. नानांना ती असंच म्हणायची, बंद करा ते. नवऱ्यालाही बाई ‘करा’ असंच म्हणते.

मला एका क्षणात सगळं कळलं. भाऊजी समोर उभे होते, फटफटी चालूच होती. नुसतं म्हणायचं होतं, भाऊजी, तिला वाटलं आमचं शूटिंग आहे, चला मागे. पण ते म्हटलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं, कसलं शूटिंग, कोणी केलं, तिला का सोसत नाही. नवरा येतोय म्हणून धावणाऱ्या त्यांच्या बायकोवर सगळी गल्ली तीनदा हसली आणि ते मी काढलं, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मी पिठाचा डबा या कडेवरून त्या कडेवर घेतला. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग निघून गेले. वर्षभरात त्यांनी दुसरं लग्न केलं. लोक म्हणाले, बायकोनेच दारातून हाकलला, तो तरी काय करणार.

घरी आले तर अक्का खापरापुढे बसली होती. खापरावर अख्खा मांडा फुगला होता, कुठे चीर नाही. मान वर न करता तिने विचारलं, गेले का नाना? मी म्हणाले, गेले.

तेवढं एक ‘गेले’ मी सगळा जन्म सांभाळलं. आबा गेले, आई गेली, नाना गेले. माझं लग्न झालं, संसार झाला, नवरा गेल्यावर मी अक्काला मेहरूणला माझ्याकडे आणलं. तिला आता कमी ऐकू येतं, पण नजर शाबूत आहे. लोक म्हणतात, बहिणीला किती जपते. मी ऐकून घेते.

प्राध्यापिका बाईंनी त्या व्याख्यानानंतर तो तुकडा माझ्या फोनवर पाठवला. व्याख्यानाचं अक्काला कळलं होतं, परवा तिने तो मागितला. मी टाळलं, तिने पुन्हा मागितला. खाटेवर बसून तिने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला, संपल्यावर पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, हात किती चांगले होते माझे. मी हो म्हणाले. फोन माझ्या हातात देत तिने विचारलं, "हे नाना व्हते. आनि नंतर, मांडा फाटना नही त्या दिवशी, कोन व्हतं?"

म्हणजे इतकी वर्षं हे तिच्याही मनात होतं. मी फोन बाजूला ठेवला आणि सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, तिला ऐकू येत नाही म्हणून, आणि आयुष्यभर जे कुजबुजायला धजले नाही ते मला ओरडून सांगावं लागलं. गल्लीच्या तोंडाशी ते काय म्हणाले, मी काय म्हणाले नाही, सगळं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने विचारलं, अंगात काय होतं त्यांच्या? मी सांगितलं, पांढरा सदरा, इस्त्रीचा. टोपी? होती. आणि हँडलला पिशवी होती, नवी. पिशवीत काय होतं, म्हणाली. ते मला माहीत नव्हतं. जिला सगळंच दिसायचं तिने पिशवीत डोकावलं नव्हतं. अक्काने पदर डोक्यावर घेतला, नीट, दोन्ही हातांनी, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. रात्री जेवली नाही. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधी बोलणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

सकाळी मी आत चहा टाकत होते. शेजारची म्हातारी, तीही धुळ्याकडचीच, रोजच्यासारखी ओट्यावर येऊन बसली होती. बाहेरून अक्काचा आवाज आला. कमी ऐकणाऱ्यांचा असतो तसा मोठा, साऱ्या ओळीला ऐकू जाईल असा.

"माले बी मूय उनं व्हतं," ती सांगत होती. "मीच गयी नही."